वाटून घेतलेली भूल

१२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींना पोटाच्या दुखण्यामुळे पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं होतं. आंत्रपुच्छाला सूज होती आणि सकाळपर्यंत थांबण्यात धोका होता. कर्नल मॅडॉक यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. भूल देण्याचं काम डॉ. दाते यांच्याकडे होतं. ऑपरेशन चालू असताना वादळ झालं आणि वीज गेली. परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं.

ही हकिकत महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी वाचलेली असते. ती सांगताना सगळे गांधीजींकडे पाहतात, काही जण मॅडॉककडे पाहतात, पण दात्यांकडे कुणी पाहत नाही. त्या काळी भूल म्हणजे तोंडावरच्या फडक्यावर थेंब थेंब सोडलेलं क्लोरोफॉर्म किंवा ईथर. मात्रा किती झाली ते सांगणारं यंत्र नव्हतं. रोग्याच्या ओठांचा रंग, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीचा भाता आणि बोटाखालची नाडी एवढ्यावर सगळं चालायचं. दिवे गेल्यावर रंग आणि बाहुल्या दोन्ही दिसेनाशा झाल्या असणार. हाताशी उरला तो श्वासाचा आवाज आणि नाडी. त्या रात्री देशाचा पुढारी एका माणसाच्या कानावर आणि बोटांवर जगला, असं मला वाटतं आणि ते मी आदराने लिहितो आहे.

सरकारने फेब्रुवारीत सुटकेचा हुकूम काढला, तरी गांधीजी मार्चपर्यंत ससूनमध्येच होते. जखम भरायला वेळ लागला, प्रतिजैविकं अजून यायची होती. पण भूलही काही कमी जड नव्हती. एकाच औषधाने माणसाला झोपवायचं, त्याची वेदना मारायची, पोटाचे स्नायू ढिले करायचे आणि चाकू लागल्यावर नाडीने, रक्तदाबाने उसळी मारू नये हेही पाहायचं. ही सगळी कामं एकट्याने करायची तर औषध भरपूर द्यावं लागे आणि रोगी खोल बुडवावा लागे. मग तो वर यायला तास न् तास लागत. ओकाऱ्या होत, डोकं गरगरत राही. असा माणूस संध्याकाळी घरी चालत जाईल ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

आता हर्निया, हायड्रोसील, पिशवी साफ करणं, हात बसवणं, लहान मुलाच्या दाताचं मोठं काम अशा किती तरी गोष्टींसाठी माणूस सकाळी उपाशी पोटी जातो आणि दिवेलागणीला घरी असतो. हा बदल चाकूमुळे कमी आणि भुलीमुळे जास्त झाला. औषधं नुसती नवी आली असं नाही, ती एकमेकांबरोबर थोडी थोडी द्यायला माणसं शिकली. ते शिकताना काय काय गेलं, त्याचा बराच भाग आपल्याच मुलखात घडला आहे.

सुरुवात निजामाच्या राज्यातून करायला हवी. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइमचे शिष्य. क्लोरोफॉर्मने माणूस मेला तर श्वास बंद पडून मरतो, हृदय आपण होऊन थांबत नाही, म्हणून नाडीकडे पाहूच नका, फक्त श्वासाकडे पाहा, असं ते ठासून सांगत. मीर महबूब अली खान या निजामाच्या पैशातून १८८८ साली क्लोरोफॉर्म आयोग बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने निष्कर्षावर शंका घेतली, तेव्हा १८८९ मध्ये दुसरा आयोग बसला आणि लॉडर ब्रंटन समुद्र ओलांडून हैदराबादला आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी याच शाळेत शिकली आणि पुढे तिथेच भूल देऊ लागली. जगात भूल देणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

लॉरींचं म्हणणं पुढे टिकलं नाही. हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबू शकतं, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ च्या सुमारास दाखवून दिलं. पण ‘श्वासावरची नजर काढू नका’ हा लॉरींचा हट्ट मी कधी टाकून देऊ शकलेलो नाही. क्लोरोफॉर्मच्या बाबतीत तो अपुरा होता. पुढे जी गुंगीची मिश्रणं येणार होती, त्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला.

त्याच दिवशी घरी पाठवण्याची कल्पना मात्र ग्लासगोची. तिथल्या बालरुग्णालयाच्या दवाखान्यात जेम्स निकोल यांनी दहा वर्षांत ८,९८८ मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना घरी धाडलं आणि १९०९ साली तो सारा हिशेब छापला. ऑपरेशन झालेलं तान्हं मूल आईच्या कुशीत जास्त शांत राहतं, वॉर्डातल्या खाटेवर नाही, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. नर्सा घरोघर जाऊन पाहून येत. अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सू सिटी या गावात दात काढण्यासाठी आणि लहान ऑपरेशनांसाठी भूल देणारा बाजारपेठेतला दवाखाना काढला. रोगी यायचे, भूल उतरली की जायचे. पण औषध अजून एकटंच होतं.

ते एकटेपण मोडण्याला नाव दिलं जॉन लंडी यांनी. मेयो क्लिनिकमधल्या या डॉक्टरने १९२६ साली संतुलित भुलीचा विचार मांडला. आधी एक झोपेचं औषध, जागेवर बधिर करणारं दुसरं, वरून थोडा वायू. कुणावरच सगळा भार नाही, म्हणून कुणाचीच मात्रा विषाच्या काठावर न्यायला नको. १९३४ मध्ये थायोपेंटोन आलं. सुई टोचल्यावर अर्ध्या मिनिटात रोगी झोपू लागला आणि फडक्याखाली गुदमरण्याचं भय संपलं. १९४२ च्या जानेवारीत माँट्रियलला हॅरल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे वापरून स्नायू ढिले केले. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांचं हे विष. झोप, वेदना आणि स्नायू या तिन्हींना आता वेगवेगळी औषधं होती.

१९४७ साली भूलतज्ज्ञांची भारतीय संघटना मुंबईतच उभी राहिली. तोवर भूल देणं हे बहुतेक ठिकाणी वॉर्डातल्या सर्वांत नव्या डॉक्टरच्या गळ्यात पडणारं काम होतं. मुंबई-पुण्याबाहेर ते पुढेही कित्येक वर्षं तसंच राहिलं.

मिश्रणाची कल्पना सर्वांत पुढे नेली आंरी लाबोरी या फ्रेंच नौदलातल्या शल्यचिकित्सकाने. ऑपरेशनचा धक्का शरीराला जाणवूच द्यायचा नाही, सगळी उसळी आधीच दाबून टाकायची, अशी त्यांची धारणा होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचं मिश्रण वापरलं. त्याला ‘लिटिक कॉकटेल’ म्हणू लागले. रोगी थंड, शांत, उदासीन पडून राही. मिश्रण स्वस्त होतं, टिकाऊ होतं आणि सिरिंजमधून देता येत होतं. भूलतज्ज्ञ आणि यंत्रं नसलेल्या देशांत ते झपाट्याने पसरलं.

कोकणात ते एका भलत्याच कामाला लागलं. भाताच्या उडव्यांत, जांभ्याच्या गडग्यांत, पेंढ्यात दडलेल्या लाल विंचवाने डंख केला की माणूस घामाने निथळतो, तळमळतो, नाडी धावते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत या डंखाने मुलं मरत. ती तडफड पाहून डॉक्टर लिटिक कॉकटेल देत, आणि मूल शांत होई. दाबलेली तडफड आणि दाबलेला श्वास यातला फरक बाहेरून दिसत नाही. विंचवाच्या विषाने मुळात हृदय आणि रक्तवाहिन्या पिळून निघत होत्या. त्यावर हे मिश्रण काही करत नव्हतं, उलट श्वासाची जी धडपड रोग्याला तगवत होती तीच मंद करत होतं. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर रोग्याच्या उशाशी बसून प्रत्येक तासाची नोंद करत राहिले. प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीवरचा त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानंतर विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने उतरले.

ही गोष्ट शस्त्रक्रियेची नाही, हे खरं. तरी ती इथे यायला हवी, कारण गुंगीच्या मिश्रणांबद्दलचं सर्वांत महत्त्वाचं सत्य कोकणाने फार आधी भोगून पाहिलं होतं. शांत दिसणारा रोगी बरा असतोच असं नाही.

विंचवावर हे मिश्रण चालत होतं त्या काळात महाराष्ट्रात दिवसाच्या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा प्रयोग चालू होता, मात्र त्याला ते नाव कुणी दिलं नाही. लोक त्याला नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई महापालिकेच्या डॉ. डी. एन. पै यांनी थेट रेल्वे स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रं उघडली. त्या ऑपरेशनला जागेवर बधिर करणारं एक इंजेक्शन पुरे, गुंगीची गरजच नाही. माणूस उतरे, ऑपरेशन करून घेई, पुढची गाडी पकडे. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही. पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली ती पुन्हा उठली नाही. उद्दिष्टं मात्र कायम राहिली, आणि सगळा भार बायकांवर आला.

बाईचं ऑपरेशन पोटाच्या आतलं. दुर्बीण येईपर्यंत ते टाक्यांचं आणि मुक्कामाचं होतं. १९७० च्या दशकात दुर्बीण आणि बीजनलिकेवर चढवायची लहानशी रिंग आली आणि काम काही मिनिटांवर आलं. मुंबईचे डॉ. प्रवीण मेहता यांनी गावोगावच्या शिबिरांत स्वतःच्या हाताने केलेल्या अशा २,५०,१३६ ऑपरेशनांचा अहवाल १९८९ मध्ये ब्रिटनच्या स्त्रीरोगविषयक नियतकालिकात छापून आला. जगात कुणा एका शल्यचिकित्सकाने एवढी ऑपरेशनं केल्याचं माझ्या वाचनात दुसरं उदाहरण नाही.

शिबिरात बाया सकाळी जीपने येत. काखेत तान्हं मूल, बरोबर सासू किंवा जाऊ. रिकाम्या पोटी व्हरांड्यात ओळीने बसवून इंजेक्शनं देत. बहुतेक ठिकाणी फोर्टविन आणि फेनर्गन, म्हणजे पेंटाझोसिन आणि प्रोमेथाझिन. कुठे पेथिडिन, कुठे काम्पोज (डायझेपाम), जोडीला अॅट्रोपिन. बेंबीखाली लिग्नोकेन. मग टेबलावर घेऊन डोकं खाली आणि पाय वर करत, पोटात वायू भरत. त्या स्थितीत आतडी छातीच्या पडद्यावर येतात आणि आधीच गुंगीने मंद झालेल्या श्वासाला जागा कमी पडते. रिंग बसली, वायू सोडला, बाई खाली. पुढची बाई टेबलावर.

खरा धोका इथून पुढे सुरू होई. चाकूची वेदना श्वासाला ढोसत असते. ती थांबली की तेवढ्याच औषधाची गुंगी जास्त खोल जाते. फेनर्गनचा अंमल काही तास राहतो, ऑपरेशन मिनिटांत संपतं. म्हणजे बाई सतरंजीवर आणून निजवली की तेव्हा तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष हवं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष टेबलावरच्या पुढच्या बाईकडे. मिश्रण चुकीचं नव्हतं. तीच औषधं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पुढे राहिली. नव्हता तो फक्त एक माणूस, ज्याला दुसरं काहीच काम नाही. त्या बायकांनी देशाचं उद्दिष्ट आपल्या अंगावर पेललं आणि त्यांच्या उशाशी बसायला आपण एक माणूस दिला नाही, याची चीड मला आजही येते.

एका शल्यचिकित्सकाने दिवसाला ३० हून जास्त ऑपरेशनं करू नयेत असा नियम पुढे आला. तरी ८ नोव्हेंबर २०१४ ला छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि त्यातल्या १३ गेल्या. तिथे बोट दाखवलं गेलं ते जंतुसंसर्गाकडे आणि गोळ्यांकडे, गुंगीकडे नाही. घाई मात्र तीच होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तीन वर्षांत शिबिरं बंद करायला सांगितलं.

बाहेरच्या जगात याच काळात मिश्रणाचा हिशेब मांडला जात होता. मिडाझोलाम हे डायझेपामपेक्षा लवकर उतरणारं औषध १९८६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि दोन वर्षांच्या आत मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. त्यातल्या बऱ्याच रोग्यांना बरोबर अफूच्या जातीचं वेदनाशामकही दिलेलं होतं. १९९० मध्ये पीटर बेली आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी स्वयंसेवकांवर तपासून पाहिलं. एकट्या मिडाझोलामने रक्तातला प्राणवायू कुणाचाच धोक्याइतका उतरला नाही. एकट्या फेंटानिलने, म्हणजे त्या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाने, सहा जणांचा उतरला. दोन्ही मिळून दिल्यावर अकरा जणांचा उतरला आणि सहा जण श्वास घ्यायचेच थांबले. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे. दोन औषधं एकत्र दिली की दोघांचीही मात्रा कमी करायची, एक देऊन थांबायचं, त्याचं काम पाहायचं आणि मगच दुसरं द्यायचं, ही भुलीच्या डॉक्टरांची आजची शिस्त त्या आकड्यांतून आणि त्या मृत्यूंतून घट्ट झाली.

खेड्यातल्या डॉक्टरला मात्र वेगळंच औषध जवळचं वाटलं. केटामिन १९६४ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं ते अमेरिकेतल्या मिशिगनच्या तुरुंगातल्या कैद्यांना, हेही नोंदवायला हवं. त्याने वेदना जाते, पण श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब पडत नाही, उलट चढतो. वीज नाही, सिलिंडर नाही, भूलतज्ज्ञ नाही अशा जागी हे वरदानच. पण रोगी उतरताना भयंकर स्वप्नं पाहतो, ओरडतो, तोंडात लाळ भरते. म्हणून आधी डायझेपाम किंवा मिडाझोलाम, लाळेसाठी अॅट्रोपिन. एकाचा दोष दुसऱ्याने झाकायचा. महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात हात बसवण्यापासून गळू फोडण्यापर्यंत हजारो कामं या जोडीवर झाली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तर हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि ते काम जगभर वाचलं गेलं. जाळी बसवून करायचा हर्निया जागेवर बधिर करून, वरून हलकी गुंगी देऊन करता येतो. दिवसाच्या शस्त्रक्रियेला गरीब माणूस परका नाही, हे असल्या डॉक्टरांनी दाखवलं.

आणि मग दुधासारखं पांढरं प्रोपोफोल. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीचे जॉन ग्लेन हे मूळचे पशुवैद्य. १९७७ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण औषध ज्यात विरघळवलं होतं त्या द्रवाचंच काहींना वावडं निघालं आणि सगळं थांबलं. ग्लेन यांनी माघार घेतली नाही. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या स्निग्धांशात ते पुन्हा घोळवून १९८६ मध्ये बाजारात आलं. रोगी मिनिटांत झोपतो, मिनिटांत उठतो, ओकाऱ्या कमी, आणि उठल्यावर चक्क हुशारीत बोलतो. रक्तदाब मात्र ते पाडतं. म्हणून काही जण त्यात थोडं केटामिन घालतात. एक पाडतं, दुसरं उचलतं.

तरीही मला विचाराल तर या सगळ्या कहाणीत औषधांपेक्षा मोठी वस्तू म्हणजे बोटाला लावायचा, रक्तातला प्राणवायू मोजणारा तो लाल उजेडाचा चिमटा. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व मांडलं. दात्यांना कंदिलाच्या उजेडात ओठांचा जो रंग दिसत नव्हता, तो आता आकडा होऊन समोर येतो. एक मर्यादा तेवढी ध्यानात ठेवावी लागते. नाकाला प्राणवायूची नळी लावलेली असेल तर श्वास मंदावल्यावरही आकडा बराच वेळ चांगला राहतो. छातीवर नजर लागतेच.

आता हे सगळं एका गावातून पाहू. सिंधुदुर्गातलं धामापूर मालवण आणि कुडाळच्या मध्ये आहे. १५३० साली बांधलेल्या तलावामुळे ते बाहेरच्यांना माहीत. इथला माणूस ऑपरेशनला मालवणला, कुडाळला, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरळ गोव्यात बांबोळीला जातो. बांबोळीच्या रुग्णालयाचं मूळ १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी काढलेल्या वैद्यकीय शाळेत आहे. जिल्ह्याची सीमा ओलांडून तिथे जाणं सिंधुदुर्गातल्या घरांना नवं नाही. टेबलावरून उतरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “माका घराक कधी सोडतल्यात?”

सोडण्याचे नियम जगभर जवळपास सारखेच आहेत. श्वास, रक्तदाब, शुद्ध, हालचाल आणि रंग यांना गुण देण्याची पद्धत होर्हे आल्द्रेते यांनी १९७० मध्ये घालून दिली. ते गुण भरले, लघवी झाली, ओकारी थांबली, दुखणं गोळीने आवरतंय असं दिसलं की मोकळं. पुढचे चोवीस तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, कागदावर सही नाही. आणि घरी कुणी तरी जाणतं माणूस रात्रभर सोबत हवं.

शेवटची अट कोकणात सर्वांत जड जाते. कितीतरी घरांत मुलगे मुंबईला असतात, चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, आणि मागे दोन म्हातारी माणसं उरतात. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याची रात्रीची सोबत म्हणजे पंच्याहत्तरीची बायको. पावसाळ्यात रात्री दोनला श्वास घोरू लागला तर वाडीतून गाडीरस्त्यापर्यंत येणंच कठीण. म्हणून चांगला भुलीचा डॉक्टर ऑपरेशनाआधी हृदय आणि फुप्फुस तपासतो तसं घरही विचारतो: कोण आहे, रस्ता कुठपर्यंत येतो, फोन लागतो का. उत्तर पटलं नाही तर औषध बदलतो. फेनर्गनसारखं लांब पल्ल्याचं औषध गाळतो, गुंगी हलकी ठेवून जागेवरच्या बधिरतेवर भर देतो. तेवढ्यानेही भागत नसेल तर रात्र वॉर्डात काढायला लावतो, मग रोगी कितीही रागावो.